घरासाठी पहिली बंदूक: माझी यादी कुठे चुकतेय?

निवांत:
परवाना, नोंदणी, प्रशिक्षणाचा वर्ग, हे सगळं आमच्या कायद्याप्रमाणे उरकलंय, त्यामुळे त्या वादात शिरत नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे.

चार महिन्यांपूर्वी रात्री कुणीतरी मागच्या दाराची कडी उचकटून आत आला, लॅपटॉप आणि बायकोची पर्स घेऊन गेला. आम्ही चौघं झोपलेलोच. सकाळी स्वयंपाकघरात बुटाचा एक ओला ठसा, बाकी काही नाही. तेव्हापासून मला दोनच्या सुमारास जाग येते आणि मग कान दाराला लागतात.

घरात मी, बायको (हात लहान, उजवं मनगट एकदा मोडलेलं), आई (७२) आणि ११ वर्षांचा मुलगा, ज्याला कुठलाही खण उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. वडिलांची दुनळी बारा बोअर (दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक) वीस वर्षं खोळीत पडून आहे. तिच्याशिवाय माझी यादी अशी: १) पंप ॲक्शन बारा बोअर (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची), २) ९ मिमी पिस्तूल, ३) बायकोसाठी छोटं .३८ रिव्हॉल्व्हर, ४) १९११ (जुनं अमेरिकी लष्करी पिस्तूल), कारण लहानपणापासून हवंय, ५) एखादी जुनी लष्करी रायफल. कशापासून सुरुवात करू?

दणकट:
एवढा विचार कशाला? मॉसबर्ग ५०० नाहीतर रेमिंग्टन ८७०, विषय संपला. पंपाचा खट्‌-खट्‌ आवाज ऐकूनच चोर पळतो. अंधारात नेमसुद्धा धरावा लागत नाही, छर्रे पसरतात.

स्थिरहात:
दणकट, राग मानू नका, पण ही दोन वाक्यं मी रेंजवर १९ वर्षं नवशिक्यांच्या डोक्यातून काढत आले. घरातल्या घरात अंतर असतं पाच-सात मीटर. तेवढ्यात बकशॉटचे (जाड छर्ऱ्यांच्या काडतुसाचे) आठ-नऊ छर्रे फार तर तळहाताएवढ्या जागेत जातात, चांगल्या काडतुसाचे त्याहून कमी. नेम चुकला तर सगळेच चुकले, आणि प्रत्येक छर्रा कुठेतरी जाऊन लागणारच. पंपाच्या आवाजाने चोर पळेलही. नाही पळाला तर तुम्ही कुठे उभे आहात ते त्याला फुकट कळलं.

निवांत, तुमच्या यादीत पाच बंदुका आहेत, घर मात्र कुठेच नाही. मी घरापासून सुरुवात करायला सांगेन. त्याचं कारण माझ्याच कपाटात आहे.

शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. घरी कोरडा सराव, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढायचा सराव, करायचा म्हणून पिस्तुलाचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) बघितलं, रिकामं होतं. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता हाताने सवयीने मॅगझिन परत बसवलं, स्लाइड सोडली. फोन ठेवला आणि ‘आपण तर तपासलंय’ म्हणत चाप ओढला. एकच गोळी, ९ मिमी. कपाटाच्या दारात भोक, तीन कोटांत भोक, कपाटाच्या पाठीत, मागच्या पातळ भिंतीत आणि पलीकडे न्हाणीघरातल्या बादलीत. बादलीचं पाणी संथपणे जमिनीवर येत होतं ते अजून दिसतं. घरात कोणी नव्हतं हे नशीब, माझी हुशारी नव्हे. डाव्या कानात तेव्हापासून बारीक शिट्टी आहे. कानाला अचानक आवाजाची मर्यादा १४० डेसिबल मानतात, आणि बहुतेक बंदुका ती उघड्यावरच ओलांडतात. बंद खोलीत तर विचारू नका. बंदुकीच्या सुरक्षिततेचे जेफ कूपरचे चार नियम मी तेव्हा तोंडपाठ म्हणून दाखवायचे, बरं का.

म्हणून आधी हे करा. एक लांब दोरा घ्या. रात्री तुम्ही जिथे थांबणार, म्हणजे बहुधा झोपायच्या खोलीचं दार, तिथे खांद्याच्या उंचीवर एक टोक धरा. दुसरं टोक बायकोला घेऊन बोळातून, मागच्या दारापर्यंत, जिन्यापर्यंत जाऊ दे. प्रत्येक वेळी बघा, दोरा भिंतीतून सरळ पुढे गेला असता तर पलीकडे काय आहे. प्लास्टरबोर्डाच्या साध्या भिंती ९ मिमी आणि बकशॉट एकामागून एक पार करतात. वीट-काँक्रीट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उसळून परत येण्याची भीती. हे झाल्यावर लिहा, मग बंदुकीचं बोलू.

निवांत:
ताई, काल रात्री केलं. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा. मी दारात, बायको मागच्या दाराशी. दोरा बरोबर मुलाच्या खोलीच्या भिंतीला टेकला, आणि त्या भिंतीला लागून त्याच्या पलंगाची उशीची बाजू आहे. दोघंही काही बोललो नाही. आज पलंग समोरच्या भिंतीला नेलाय. ‘का?’ म्हणून त्याने विचारलं, खिडकीतून उजेड चांगला येतो असं सांगितलं.

स्थिरहात:
अगदी बरोबर केलंत. आता दुसरं. मुलगा आणि आई मागच्या दाराच्या बाजूला आहेत, तुम्ही नाही. म्हणजे रात्री तुम्हाला त्यांच्यापर्यंत जावं लागणार, एका हाताने दार उघडावं लागणार, पोलिसांना फोन करावा लागणार. दुनळी किंवा पंप दोन्ही हात अडकवते आणि अरुंद बोळात कोपऱ्याला नळी आधी पोचते. म्हणून तुमच्या घराला ९ मिमी पिस्तूल, मध्यम आकाराचं. ग्लॉक १९ घ्या की त्याच मापाचं दुसरं काही, त्यावर भांडत बसू नका. दोघांच्याही हातात धरून बघा. बोटाचं पहिलं पेर चापावर सरळ पडतंय का, आणि तसं पडताना मनगट वाकडं होत नाही ना, एवढंच बघायचं.

यादीतला तिसरा नंबर आजच खोडा. छोट्या हाताला छोटी बंदूक हा बायकांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेला गैरसमज आहे (आणि काउंटरच्या मागून तो हमखास हसत हसत सांगितला जातो). तसलं हलकं रिव्हॉल्व्हर वजनाला अर्धा किलोही नसतं आणि त्याचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. म्हणजे चाप ओढतानाच नळी हलणार. वर हलकी बंदूक जास्त उसळते, आणि तो धक्का थेट मोडलेल्या मनगटात. त्यांना स्लाइड ओढायला जड जात असेल तर स्लाइड धरून ठेवायची आणि दस्ता पुढे ढकलायचा, अर्धी अडचण तिथेच सुटते. तरी जमलं नाही तर .३८० चं (९ मिमीपेक्षा कमी जोराच्या काडतुसाचं), मुद्दाम मऊ स्लाइडचं पिस्तूल मिळतं, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी त्यासाठीच काढलंय.

पण पहिली खरेदी पिस्तूल नव्हे. पहिली .२२ ची, म्हणजे अगदी बारीक काडतुसाची, रायफल. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बनतेय, तिचं गोल फिरणारं दहा गोळ्यांचं मॅगझिन आहे, धक्का जवळपास नाही, काडतुसं स्वस्त. चाप कसा दाबायचा हे शरीर तिच्यावरच शिकतं. ९ मिमीवर शिकायला घेतलं की आवाजाला घाबरून डोळे मिटायची सवय लागते, आणि ती काढताना माझे केस पांढरे झाले. तीन-चार महिने तिच्यावर काढा. तोवर मागच्या दाराला चांगलं कुलूप आणि सेन्सरचा दिवा. त्या चोराला खरं तर तेवढ्यानेच अडवलं असतं.

जुनीनळी:
ताईंनी घराचं बघितलं, मी संग्रहाचं बोलतो. वडिलांची दुनळी उडवू नका, अजून नाही. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते का? दिसली तर ती बहुधा दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून वळलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असं नाही.

नक्षी नसली तरी दुसरा सापळा आहे. जुन्या बारा बोअरचं चेंबर पुष्कळदा ६५ मिमीचं असतं आणि आज सर्रास मिळणारं काडतूस ७० मिमीचं. गंमत अशी की ते आत सहज बसतं, कारण ७० मिमी ही उघडल्यानंतरची लांबी. न उडवलेलं, तोंड दुमडलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. उडवल्यावर तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चालतं, असं नाही. नळ्या काढून खालच्या सपाट भागावरचे प्रूफचे (दाबाच्या चाचणीचे) शिक्के बघा आणि जाणकार बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या.

लष्करी रायफलीबद्दल एवढंच: स्वस्त जुना दारूगोळा मिळतो म्हणून हुरळू नका. त्याच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) बऱ्याचदा क्षार असतात, नळी एका रात्रीत गंजते. तेल लावून भागत नाही, क्षार पाण्यानेच निघतात. गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. १९११ घ्या की खुशाल! जॉन ब्राउनिंगचं काम आहे, हातात घेतल्यावर कळतं. फक्त हौस म्हणून घ्या, उशाशी ठेवायला नको.

दणकट:
छर्ऱ्यांचं काल रेंजवर कागदावर करून बघितलं. सहा मीटर. मुठीएवढं भोक. ताई, मान्य. पण पंपाचा आवाज भारी असतो हे मी सोडणार नाही.

निवांत:
ठरलं: आधी .२२, मग ९ मिमी, १९११ नंतर कधीतरी. एक राहिलं. पिस्तूल रात्री कुठे ठेवायचं? उशीखाली नको हे कळतं. कपाटात सगळ्यात वर ठेवलं तर?

स्थिरहात:
तुमचा मुलगा ११ चा आहे आणि घरात स्टूल आहे, म्हणजे कपाटाची वरची फळी त्याच्यासाठीच आहे.

बटणांच्या कोडने उघडणारी छोटी तिजोरी, पलंगाजवळ, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेली. नाहीतर मुलगा तिजोरीसकट उचलून नेईल. कोड त्याच्या वाढदिवसाचा नको, सगळे तोच ठेवतात. तिजोरीत पिस्तुलाबरोबर कानावरचे इलेक्ट्रॉनिक मफ (मोठा आवाज अडवणारे, बोलणं ऐकू देणारे) आणि हातातली बॅटरी. बंदुकीवर लावलेल्या दिव्याने कोण आहे ते बघायचं म्हणजे त्याच्यावर नळी रोखूनच बघणं, आणि तुमच्या घरात रात्री दोनला पाणी प्यायला उठणारी दोन माणसं आहेत. बाकीच्या बंदुका मोठ्या कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आत सिलिका जेलच्या पुड्या. रेंजवरून आलात की मुलाला जवळ घ्यायच्या आधी साबणाने हात धुवा आणि शर्ट बदला, शिसं असतं.

आणि मुलाला .२२ दाखवा. लपवाल तितकं तो शोधेल. ‘बघायची असेल तेव्हा मला सांग, मी काढून दाखवतो’ म्हणा आणि दर वेळी खरंच काढा, जेवण गार झालं तरी. माझ्या मुलीने पहिल्या आठवड्यात नऊ वेळा सांगितलं होतं. दहाव्यांदा तिला कंटाळा आला.

निवांत:
आजचा आकडा चार. तिजोरी यायची आहे, .२२ अजून घेतलेलीही नाही, फक्त चित्र दाखवलंय.