शांत बीच, तीन प्रकारच्या लाटा, मी नेमकं कुठे उतरू?

ओली_वाळू:
सर्फिंग शिकतेय. फेसावर उभं राहणं आता जमतं, कधी कधी न फुटलेली छोटी लाटही मिळते पण तिच्यावर तिरकं जाणं अजून पक्कं नाही. आता विषुववृत्ताजवळच्या एका शांत बीचवर जातेय, मधे लांबच लांब पुळण, एका टोकाला खडकांची सोंड पार समुद्रात गेलेली, दुसऱ्या टोकाला प्रवाळाचा रीफ, आणि रीफला लागूनच एक छोटी नदी समुद्राला मिळते. व्हिडिओत रीफवरची लाट बघितली आणि नजरच हटेना, एकदम गुळगुळीत आणि दर वेळी त्याच जागी फुटते. गर्दी अजिबात नाही पण लाइफगार्डही नाही. बोर्ड ८ फुटी सॉफ्टटॉप आहे, म्हणजे वरून मऊ फोमचा. सुरुवात कुठून करू? आणि फोरकास्टमध्ये काय बघायचं, नुसत्या उंचीवरून मला काहीच कळत नाही.

खारं_पाणी:
रीफची लाट त्याच जागी फुटते कारण खालचा तळ हलत नाही, आणि शिकणाऱ्याला नेमकी तीच अडचण. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते, म्हणजे कमरेएवढी लाट छातीएवढ्या पाण्यात. पुळणीवर तळ हळूहळू चढतो त्यामुळे लाट आधी वाकते, मग फुटते, तुम्हाला उठायला वेळ मिळतो. रीफच्या कडेला खोल पाणी अचानक संपतं, लाट एकदम उभी राहते आणि जरा उशीर झाला की तुम्ही तिच्याबरोबर खाली. त्यात ओहोटी असेल तर लाट गेल्यावर मागे गुडघाभर पाणी आणि त्याखाली प्रवाळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही तेवढीच खोल जाते, त्या दिवसांत तर रीफचं नावच काढू नका.

आधी पुळणीवर उतरा, तेही भरती-ओहोटीच्या मधल्या पाण्याला. पूर्ण ओहोटीला बऱ्याचदा सगळी लाट एकदम आडवी कोसळते, आणि भरतीला ती अगदी काठावर येऊन आपटते. वाळूचे बांध सरकत असतात त्यामुळे काल चांगली लाट मिळालेली जागा आज कामाची असेलच असं नाही, रोज नव्याने बघावं लागतं.

पण मला विचाराल तर तुमची खरी शाळा खडकाच्या सोंडेजवळ आहे. तिथे लाटेचं आतलं टोक उथळ पाण्यात मंदावतं, बाहेरचं टोक खोल पाण्यात जोरात पळतं, म्हणून लाट सोंडेभोवती वळते आणि एका कडेने फुटत फुटत येते. श्रीलंकेतल्या अरुगम बेचा मेन पॉइंट ह्याच जातीचा. अगदी टोकाला जायचं नाही, आतल्या बाजूला लाट लहान आणि मऊ झालेली असते तिथे बसा. तिरकं जायला जागाच जागा मिळते.

पहाटवारा:
फोरकास्टमध्ये उंचीच्या शेजारी सेकंद दिलेले असतात ना, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते ते, ते आधी बघ. ७ सेकंदांची १ मीटर आणि १४ सेकंदांची १ मीटर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खोल समुद्रात ७ सेकंदवाली लाट साधारण ७५ मीटर लांब असते, १४ वाली ३०० च्या पुढे, आणि लांबीच्या निम्म्या खोलीपासून लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे १४ वाली पार बाहेरूनच वळायला लागते, सोंडेवर आणि रीफवर गोळा होते आणि आकड्यापेक्षा बरीच मोठी होऊन येते. तुझ्यासाठी ८ ते १० सेकंद आणि कमरेपर्यंतची लाट, बस.

आणि लांब सेकंदांच्या लाटा गटागटाने येतात, मधे बराच वेळ समुद्र इतका शांत दिसतो की वाटतं आज काहीच नाही. त्यामुळे उतरण्याआधी निदान अर्धा तास काठावर बसून बघ, मोठा गट कुठपर्यंत येतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाण्यात पाय नको. वारा सकाळी बहुतेक जमिनीकडून असतो, लाटेचा चेहरा साफ राहतो. दुपारी समुद्राकडून सुटला की सगळं विस्कटतं.

ओली_वाळू:
खूप मदत झाली दोघांची! एक विचारायचं राहिलं, नदीच्या तोंडाशी लाट फुटतच नाही, पाणी सपाट असतं, तिथून बाहेर जाणं सोपं नाही का?

खारं_पाणी:
सोपं आहे म्हणूनच सांभाळा. गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही म्हणून नदीसमोर रीफला खोल वाट पडलेली असते, आणि लाटांनी आत आणलेलं पाणी त्याच वाटेने परत बाहेर जातं. सराईत लोक तिचा उपयोग बाहेर जायला करतात, पण परत येताना तीच वाट धरली तर कितीही हात मारा, जागचे हलणार नाही. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडायचा नाही, काठाच्या समांतर, फेस दिसतो त्या बाजूला जायचं, फेस म्हणजे तिथे उथळ आहे आणि लाटच तुम्हाला आत आणून सोडेल. जोराचा पाऊस झाला असेल तर नदीच्या तोंडाला जाऊच नका, गढूळ पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही आणि घाणही वाहून आलेली असते.

लीश_बांधा:
वरच्या सगळ्याला +१. पडताना आडवं, पसरून पडा, डोकं खाली करून सूर कधीच मारू नका, वर येताना हात डोक्यावर. प्रवाळाने खरचटलं तर जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने नीट घासून धुवा, दुखलं तरी, बारीक कण आत राहिले की ती चिघळते. बोर्डवर पाय घसरू नये म्हणून लावायचं वॅक्स गरम पाण्याचं घ्या, थंड पाण्याचं तिथे वितळून जातं. आणि सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं, काही सनस्क्रीनमध्ये असणारं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळाला घातक मानतात, हवाईने तर २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

शांत बीच असला तरी दोन-चार जण असतातच पाण्यात. लाट जिथे आधी फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. उतरण्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोला, वाळूचा बांध सध्या कुठे आहे आणि बाहेर कुठून यायचं हे त्यांना तोंडपाठ असतं.