सहानुभूतीची लाट आणि मिसिसिपी

अमेरिकेत उपाध्यक्षाला अचानक अध्यक्षपद मिळालं की सहानुभूतीची लाट त्याला पुढच्या निवडणुकीत तारून नेते, असं म्हणतात. अर्धंच पटलं. अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्या जागी आलेले उपाध्यक्ष, डेमोक्रॅट जॉन्सन १९६४ मध्ये ६१ टक्के मतं घेऊन ४४ राज्यं जिंकले, हे खरंच. पण दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य बघा. १९३६ मध्ये तिथे डेमोक्रॅट रूझवेल्टना ९७ टक्के मतं होती. १९६४ मध्ये त्याच राज्याने रिपब्लिकन गोल्डवॉटरना ८७ टक्के दिली! (तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना तेव्हा मतदानच करू दिलं जात नव्हतं, हे विसरू नये.) मिसिसिपी असं फिरलं, कारण त्याच वर्षी जुलैमध्ये जॉन्सननी वांशिक भेदभावावर बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. दक्षिणेतलंच जॉर्जियाही तेव्हा पहिल्यांदाच रिपब्लिकनांकडे गेलं. दक्षिणेतली मतं जाणार हे दिसत असूनही त्यांनी सही केली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. व्हिएतनाम युद्धाबाबत मात्र अजिबात नाही.