अमेरिकेतली कंपनी दोन राज्यांत रजिस्टर आहे, बंद करायला सुरुवात कुठून करायची?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. मी आणि मित्राने नाशकात बसूनच सॉफ्टवेअरचं काम करायला डेलावेअरमध्ये कॉर्पोरेशन काढली, मग कॅलिफोर्नियात एक माणूस नेमला म्हणून तिथेही नोंदणी केली. आता दोन वर्षं काम नाही, आणि मागच्या आठवड्यात कॅलिफोर्नियाच्या ८०० डॉलर मिनिमम टॅक्सचं पत्र आलं तेव्हापासून झोप नाही. डेलावेअरला बंद केली की कॅलिफोर्नियात आपोआप बंद होते का? ज्याने काढून दिली तो एजंट फोनच उचलत नाही.

अंबडवाला:
आपोआप काहीच होत नाही दादा. आम्ही डेलावेअरचं आधी उरकलं, सुटलो समजलो, आणि तिकडे ८०० डॉलर दरवर्षी लागतच राहिले. आधी फांद्या उतरवा, खोड शेवटी. कॅलिफोर्नियात राहिलेले सगळे रिटर्न भरा, शेवटच्यावर फायनलची खूण करा, मग सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (कंपन्यांची नोंदणी ठेवणारं राज्याचं कार्यालय) सरेंडर सर्टिफिकेट टाका, म्हणजे त्या राज्यातली नोंदणी सोडल्याचा कागद. त्यानंतर डेलावेअरचं डिसोल्यूशन, म्हणजे कंपनीच कायमची बंद करणं. तिथे चालू वर्षाचासुद्धा फ्रँचायझी टॅक्स (कंपनी नोंदलेली असल्याबद्दलचा वार्षिक कर) भरल्याशिवाय कागद घेत नाहीत.

सातपूरची सीए:
त्याच्याही आधी संचालकांचा आणि भागधारकांचा ठराव लिहून सही करा, कारण ठरावापासून ३० दिवसांत आयआरएसला (अमेरिकेचं केंद्रीय कर खातं) कंपनी बंद करतोय हे कळवणारा फॉर्म ९६६ द्यावा लागतो. शेवटच्या ११२० (कंपनीचं आयकर रिटर्न) सोबत ५४७२ (परदेशी मालकाशी झालेल्या व्यवहारांचा फॉर्म) विसरू नका, मालक परदेशी आहेत आणि कंपनीचे तुमच्याशी व्यवहार झालेत, राहिला तर दंड २५,००० डॉलर. आपल्याकडचंही बघा, पैसा ओडीआयने (परदेशी कंपनीत गुंतवणुकीचा अधिकृत मार्ग) पाठवला असेल तर जो उरेल तो ९० दिवसांत भारतात आणायचा आणि आल्यापासून ३० दिवसांत एडी बँकेमार्फत (परकीय चलनाच्या व्यवहारांची परवानगी असलेली बँक) फॉर्म एफसी, म्हणजे परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. आपल्या आयकर रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेची यादी) शेअर दाखवत होतात ना?

गंगापूररोडकर:
हो ताई, दाखवले होते. ठराव मात्र कुठेच लिहिलेला नाही, आज रात्रीच मित्राला बसवतो. तिकडचं बँक खातं कधी बंद करू?

अंबडवाला:
सगळ्यात शेवटी! आमचं आधीच बंद झालं होतं, मग टॅक्स भरायचा कुठून म्हणून दोन महिने बँकेत हेलपाटे घातले. आणि डेलावेअरच्या रजिस्टर्ड एजंटलाही (तिथे कंपनीच्या नावाने सरकारी कागद घेणारा) डिसोल्यूशनचा शिक्का हातात आल्यावरच नाही म्हणा.