दहावीचा इतिहास घरी शिकवायचा, पण कोणता?

गोदाकाठचा_बाप: काल इथे एका ताईंनी लिहिलं की इतिहास-नागरिकशास्त्र म्हणजे ४० मार्कांचं पाठांतर, शाळेचा वेळ कशाला घालवता, नववी-दहावीच्या पोरांकडून घरीच उरकून घ्या. ते 'उरकून' डोक्यात गेलं. घरी शिकवावं असं माझंही मत आहे, पण उरकायला नाही. दहावीचं पुस्तक उघडून तरी बघा, त्यात इतिहासलेखन आहे, उपयोजित इतिहास आहे. पाठ काय करणार? आणि आपण नाशकात राहतो! पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेव, महिना शेकडा एक व्याज, त्यातून भिक्षूंना वस्त्रं. पोरीला अर्थ सांगितला तर तिने तिथेच वर्षाचे २४० काढले आणि विचारलं, "मग तेव्हा बँक होती?" हा प्रश्न गाइडात नाही.

मास्तर_सिडको: लेणी दाखवलीत, छान. पण घरी आई-बाप आपल्याला आवडतो तेवढाच इतिहास सांगतात, हे मी वर्गात जन्मभर पाहिलंय. एक मुलगा अनंत कान्हेरेंनी केलेला नाशिकचा कलेक्टर जॅक्सनचा वध तोंडपाठ सांगायचा. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग, सगळं. राहायला पंचवटीत. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह विचारला तर कोरा. २ मार्च १९३० ला सुरू झालेला, पाच वर्षं चाललेला लढा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्याचे नेते दादासाहेब गायकवाड हे नावही कानावर नाही!

पंचवटीकर७: म्हणजे कान्हेरे शिकवला हा गुन्हा झाला का? कोवळ्या वयात फासावर गेलेला पोरगा तो. प्रत्येक वेळी त्याच्यासमोर दुसरं नाव आणून का ठेवता?

तपोवन_रोड: समोर कोणी ठेवलं? शेजारी ठेवा म्हणतायत. माझी आजी सांगायची, तिच्या वडिलांना काळारामाच्या दारातून आत जाऊ दिलं नव्हतं. आमच्याकडे हा इतिहास घरीच शिकलो, कारण दुसरीकडे कोणी सांगत नव्हतं. तेव्हा "घरी एकांगी शिकवतात" हेही सरसकट बोलू नका, मास्तर.

मास्तर_सिडको: हे मान्य. तुमच्या घराचं मान्य. सगळ्या घरांचं नाही.

पंचवटीकर७: माझा मुलगा दोन्ही शिकेल. पण आधी कान्हेरे.

तपोवन_रोड: 'आधी' कशासाठी, तेवढं सांगा.

इंदिरानगरची_आई: तुमचं आधी-नंतर चालू द्या, नागरिकशास्त्राचं काय? माझ्या मुलाने पुस्तकात वाचलं की महानगरपालिकेचा कारभार निवडून आलेले नगरसेवक बघतात. मग विचारलं, आपला कोण? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं सरकारने नेमलेला प्रशासक. काय सांगणार होते मी? शेवटी दोघांनी बसून शहरांच्या स्थानिक कारभाराची ७४वी घटनादुरुस्ती वाचली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची, हे संविधानातच लिहिलंय हे वाचून तो इतका चिडला की दोन दिवस तोच विषय. शाळेत हा धडा एका तासात संपला होता.

गोदाकाठचा_बाप: मी हेच म्हणतोय.

मास्तर_सिडको: एका तासात संपतो, कारण वर्गात साठ मुलं आणि डोक्यावर पोर्शन. शिक्षकाला दोष देऊन मोकळं होऊ नका. आणि ज्या घरात आई-बाप दोघं रात्री नऊला कामावरून येतात, त्या पोराला ७४वी दुरुस्ती कोण वाचून दाखवणार? त्याच्यासाठी शाळाच आहे.

इंदिरानगरची_आई: याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्या मुलाला मी शिकवणारच.