श्रेय एकट्या जॉनचं नाही

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतीत आलेला लष्करी अधिकारी जॉन मॅकार्थर याला कुणीतरी 'ऑस्ट्रेलियन लोकरीचा जनक' म्हटलंय. जनक असेल, पण सांभाळणारी आई वेगळीच होती, म्हणून थोडी भर.

हा गृहस्थ कमालीचा भांडकुदळ. 1801 मध्ये आपल्याच वरिष्ठाशी, कर्नल पॅटरसनशी, पिस्तुलं घेऊन द्वंद्व खेळला आणि त्याला जखमी केलं. वसाहतीचा गव्हर्नर किंग याने त्याला चौकशीसाठी इंग्लंडला पाठवलं. ती शिक्षा त्याच्या पथ्यावरच पडली! तिथे लोकरीचे नमुने दाखवून 1805 मध्ये तो राजाच्या कळपातल्या मेरिनो (तलम लोकरीच्या जातीच्या) मेंढ्या आणि सिडनीजवळच्या 5000 एकरांचं आश्वासन घेऊन परतला. जमीन अर्थातच स्थानिक धरावल लोकांची. त्यांना कोण विचारतो!

मग 26 जानेवारी 1808 ला नंतरचा गव्हर्नर ब्लाय याच्याविरुद्धचं बंड, त्यातही मॅकार्थर आघाडीवर. ब्लाय म्हणजे 'बाउंटी' जहाजावर खलाशांनी ज्याच्याविरुद्ध बंड केलं तोच कप्तान. बिचाऱ्याच्या पत्रिकेत बंडच लिहिलेलं. त्या बंडामुळे परतल्यावर अटकेची भीती, म्हणून मॅकार्थर 1809 ते 1817 इंग्लंडात अडकला. त्या काळात कळप, मजूर, लोकर सगळं पाहिलं बायकोने, एलिझाबेथने. पुढे हा वसाहतीच्या विधान परिषदेवरही बसला, 1832 मध्ये त्याला वेडा ठरवलं गेलं आणि 1834 मध्ये तो वारला.

1966 च्या ऑस्ट्रेलियन दोन डॉलरच्या नोटेवर मात्र मेंढ्यासोबत चेहरा त्याचाच!

जाता जाता, त्याच्या सुरुवातीच्या कळपात कलकत्त्याहून आणलेल्या बंगाली मेंढ्याही होत्या.