निरमा, ललिताजी आणि आपला खिसा

'जाहिरात बघून कोणी काही घेत नाही' हे मला अर्धंच पटतं. निरमाचंच बघा. करसनभाई पटेलांनी १९६९मध्ये अहमदाबादेत कपडे धुण्याची पावडर विकायला सुरुवात केली ती सायकलवरून, दारोदार. लोकांनी घेतली ती स्वस्त होती म्हणून. महागड्या सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी टीव्हीवर एवढा ठाम हिशेब मांडायची, तरी सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला शेवटी स्वस्तातली व्हील पावडर काढावीच लागली. तिथे जाहिरात कमी पडली. पण आमची आई आजही वाण्याकडे कुठलीही पावडर मागताना 'निरमा द्या' म्हणते. हे काम निरमाच्या जाहिरातीतल्या त्या गाण्याचंच! मला खरी काळजी वाटते ती मुलांच्या खाऊच्या जाहिरातींची. पाच वर्षांच्या पोराला त्यातलं खरंखोटं कळत नाही, आणि दुकानासमोरचा हट्ट रोजचा.