मदत हवी आहे: मोठ्या वाहत्या नदीत नांगर टाकून सॅल्मन धरताना बोट कशी सांभाळावी?

नमस्कार. मी सोलापूरचा. भीमेकाठच्या गावात वाढलो, त्यामुळे गळ, जाळं, होडी यांची ओळख लहानपणापासूनची. पण आज विचारतोय ते अमेरिकेतल्या कोलंबिया नदीबद्दल. इथे परदेशात राहणारी आणि कोकणातली बरीच मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. थोडं लांब होईल, पण अर्धवट सांगून सल्ला मागणं बरं नाही.

माझी लेक आणि जावई वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला राहतात. कॅनडातलं नव्हे, हे पोर्टलंडच्या समोर, नदीच्या उत्तर काठावर आहे. जावयांनी १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची जुनी बोट घेतली आहे. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे होतो तेव्हा ते मला चिनूक सॅल्मन धरायला घेऊन गेले. आमच्या घरी त्याला रावसच म्हणायचे, कारण आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात. पण हे दोन मासे अगदी वेगळे. चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीने वर चढतो. नदीत शिरला की त्याचं खाणं जवळपास बंद होतं. तरी तोंडासमोर काही थरथरत राहिलं तर चिडून पकडतो. तिथली गळाची मासेमारी याच एका गोष्टीवर उभी आहे.

म्हणून माशामागे हिंडायचं नाही. त्याच्या वाटेवर बोट नांगरून बसायचं. बोटीचं तोंड प्रवाहाकडे, गळ मागच्या बाजूने सोडलेले. शिशाचं वजन तळाला टेकतं आणि त्यामागे चार-पाच फुटांवर खोटा मासा किंवा पितळी चमचा प्रवाहाने हलत राहतो. खोट्या माशाच्या पोटाला सार्डिनचा (तारलीसारख्या माशाचा) तुकडा दोऱ्याने गुंडाळतात, वासासाठी. समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटरवर बॉनविल धरण आहे, तिथपर्यंत नदीला भरती-ओहोटी जाणवते. ओहोटीला पाणी जोरात खाली धावतं आणि मासे काठाकडच्या कमी खोल पाण्यातून वर सरकतात. त्या वेळी बोटींची आडवी रांग लागते, एकीच्या शेजारी एक. हे दृश्य मी तासन्‌तास पाहिलं असतं.

आता घडलं ते. पाणी साधारण ३५ फूट खोल होतं आणि आमची नांगराची दोरी होती १०० फूट. पहिल्यांदा नांगर घसरला, दुसऱ्यांदा धरला. तीन तास बसलो, एक मासा लागला आणि सुटला. निघताना नांगर काही केल्या सुटेना, तळाशी कशात तरी अडकला होता. जावयांनी दोरी पुढच्या खुंटीवरून काढून मागच्या खुंटीला बांधली, इंजिनाच्या जोराने ओढून काढू म्हणून. मला ते बरं वाटलं नाही, पण त्यांची बोट, त्यांची नदी, म्हणून गप्प राहिलो. दोरी ताठ झाली आणि बोटीची मागची बाजू एकदम खाली बसली. मागच्या फळीवरून पाणी आत. पाच-सहा सेकंदांत पोटरीपर्यंत. सार्डिन कापायची सुरी माझ्या हाताजवळ होती, तिने दोरी कापली. बोट वर आली. दोघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट होतं, पण पुढचा अर्धा तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

लेकीला त्याच रात्री सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नदीकाठचे. तुम्ही असं कसं होऊ दिलंत?” ते मला अजून बोचतं. २१ मे २०२४ ला इथे भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हा तिनेच तिकडून घाबरून फोन केला होता.

या सप्टेंबरात पुन्हा जाणार आहोत. जावई मासेमारी सोडणार नाहीत आणि सोडावी असं मला वाटतही नाही. पण ते एकटेही जातात. म्हणून विचारतो: दोरी किती लांब हवी? अडकलेला नांगर बोटीला धोका न होता कसा काढतात? रांगेतल्या बाकी बोटींना मोठे लाल-केशरी फुगे होते, त्यांचा उपयोग काय? आणि यातलं काही इथे, भीमेत किंवा उजनीत, आधी हाताखालून घालता येईल का? उजनीतून सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याच्या औज बंधाऱ्यासाठी पाणी सोडतात तेव्हा भीमेला चांगला ओढ असतो, तेव्हा करून पाहावं असं मनात आहे.

प्रतिसाद (खाडीवाला)

काका, आधी एक सांगतो. दोरी मागे बांधली हीच चूक, बाकीचं सगळं त्यानंतर. नांगर कायम नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला. पुढचं टोक उंच आणि निमुळतं असतं, पाणी कापतं. मागची बाजू रुंद, सपाट, बुटकी, त्यात इंजिनाचं वजन. प्रवाह त्या सपाट फळीवर आदळतो आणि दोरी तिलाच खाली खेचते. मग बोट भरायला वेळ लागत नाही. आमच्याकडे खाडीत डोल (पिशवीसारखं जाळं) लावतात ती ओहोटीच्या ओढावरच, तिथेही पोरांना पहिला धडा हाच.

दोरीचं गणित: पाणी जितकं खोल, त्याच्या किमान पाचपट दोरी, ओढ जास्त असेल तर सातपट. ३५ फुटांना २४५ फूट. तुमची तिपटीलाही कमी पडत होती. आखूड दोरी नांगराला वर उचलते, लांब दोरी त्याला आडवा ओढते. आडवा ओढला तरच तो तळात रुततो. नांगर आणि दोरी यांच्यामध्ये साखळी हवी, साधारण बोटीच्या लांबीइतकी. तिच्या वजनाने ओढ तळाला समांतर राहतो.

प्रतिसाद (कोलंबियाकाठ)

मी पोर्टलंडला बरीच वर्षं आहे आणि त्याच रांगांमध्ये बसतो. काका, तुम्ही दोरी कापलीत ते अगदी योग्य केलंत. नांगर पुन्हा विकत मिळतो.

फुग्याबद्दल सांगतो, कारण तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. नांगराची दोरी एका कडीतून जाते आणि कडी फुग्याला जोडलेली असते. बोट त्या दोरीला अशा हुकाने अडकवायची की एका झटक्यात सुटेल. मोठा मासा लागला की बोट सोडून द्यायची. नांगर आणि फुगा जागेवर राहतात, तुम्ही माशाबरोबर खाली वाहत जाता, मासा जाळीत घेता आणि परत येऊन फुग्याला अडकता. शेजारच्यांच्या दोऱ्यांत गुंताही होत नाही. पण खरा उपयोग संकटात. वरून ओंडका वाहत येऊन दोरीवर बसला, मोठ्या जहाजाची लाट आली, काहीही झालं तरी हुक काढा आणि निघा. समुद्रातली जहाजं पोर्टलंड-व्हँकुव्हरपर्यंत येतात, त्यांचा ४३ फूट खोल मार्ग लाल-हिरव्या बोयांनी (तरंगत्या खुणांनी) आखलेला आहे. त्या मार्गात नांगर टाकायचाच नाही. जहाज तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

नांगर उचलायलाही फुगाच कामाला येतो. दोरी पुढे बांधलेलीच ठेवून प्रवाहाविरुद्ध, पण दोरीपासून तिरक्या दिशेने हळू जायचं. दोरी बोटीच्या बाजूला दिसत राहिली पाहिजे, इंजिनाच्या पंख्याखाली कधीच नाही. तुम्ही पुढे जाता, पाणी फुग्याला मागे ओढतं, दोरी कडीतून सरकते आणि नांगर तळावरून उचलला जाऊन फुग्याखाली येऊन लटकतो. मग इंजिन मंद करून वाहत खाली यायचं आणि दोरी गोळा करायची. हाताने ३५ फुटांवरून ओढत बसायचं कारणच नाही. पहिल्या दहा वेळा हे भरती-ओहोटीच्या मधल्या शांत पाण्यात करा. जावयांनाही हेच सांगा.

अडकण्यावर उपाय: साखळी नांगराच्या वरच्या कडीला न जोडता खालच्या, फाळांकडच्या टोकाला जोडायची. मग दांड्याच्या बाजूने वर आणून वरच्या कडीला फक्त प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायची. नेहमीचा ओढ ती पट्टी सहन करते. नांगर दगडात अडकला की प्रवाहाच्या वरच्या बाजूने जोरात ओढा, पट्टी तुटते आणि नांगर उलटा, फाळांकडून बाहेर निघतो. पट्ट्यांचा जुडगा बोटीत ठेवा.

आणि एक. गळाची काठी बोटीवरच्या नळीत ठेवलेली असते, ती वाकली की लगेच झटका मारू नका. मासा वळून गळाची दोरी ताणेपर्यंत थांबा. तुमचा सुटला तो बहुधा घाईनेच. काटा बिनकुसळाचा असेल तर मासा लागल्यावर दोरी सैल सोडली की गेलाच. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर मासा उबवणकेंद्रातला. पर शाबूत असलेला बहुधा नदीतला मूळचा, तो बऱ्याचदा सोडावा लागतो. कधी काय ठेवता येतं हे हंगामागणिक बदलतं, तेवढं निघण्याआधी वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन्ही राज्यांच्या नियमांत पाहत जा.

प्रतिसाद (फुगवटा)

मी करमाळ्याकडचा, आमचं घर मासेमारीवरच चालतं. सरावाबद्दल बोलतो. काका, सोडलेल्या पाण्यात भीमेत उतरू नका, हात जोडून सांगतो. आपल्या नदीत वाळू उपसून झालेले डोह आहेत, पाण्याखाली बाभळी आहेत आणि ठिकठिकाणी बंधारे आहेत. नांगर सुटला आणि बोट बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला असली तर पुढे काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय ते पाणी कधी वाढवतील, कधी कमी करतील ते काठावरच्या माणसाला कळत नाही.

त्यापेक्षा फुगवट्यात या. ओढ नाही, पण दोरी, कडी, फुगा, हुक यांचा हात बसेल. ओढ नसला तरी वारा असतो, तो बोटीला दोरीवर ताणतो, तेवढं पुरे. सकाळी लवकर या. उन्हाळ्यात दुपारनंतर आमच्याकडे वारं कधी फिरेल याचा नेम नाही, जुनी माणसंसुद्धा अकरानंतर मोठ्या पाण्यात थांबत नाहीत. आमच्या होडीला नांगर म्हणजे दोरीला बांधलेला दगड, तो रुतत नाही. म्हणून खरा नांगर तुम्ही आणा. चिलापीचं कालवण आमच्याकडे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भीमेत उतरायचा विचार सोडला. खरं सांगायचं तर बंधाऱ्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मागच्या आणि त्याआधीच्या रविवारी फुगवट्यात जाऊन आलो. सोलापुरात लोखंडी सळ्या वाकवून एका वर्कशॉपमध्ये चार फाळांचा नांगर करून घेतला, साखळी खालच्या टोकाला, वर प्लॅस्टिकची पट्टी. फुग्याच्या जागी रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधला. पहिल्या दिवशी नांगर कडीतून वर आलाच नाही, कारण कॅन लहान होता, तोच पाण्याखाली जायचा. दुसऱ्या रविवारी दोन मोठे कॅन जोडले आणि नांगर वर येऊन लटकला. हुक सोडायचा सराव वीसेक वेळा केला, शेवटी डोळे मिटून. मुद्दाम एका बुडालेल्या झाडात नांगर अडकवला. पट्टी तुटली आणि तो उलटा निघाला. ती तुटण्याची टकटक दोरीतून हाताला कळते, हे कुणी लिहून सांगितलं नसतं.

याचा व्हिडिओ जावयांना पाठवला. त्यांनी २५० फूट दोरी, १६ फूट साखळी आणि फुगा आणला आहे. मागची खुंटी त्यांनी काढूनच टाकली, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. लेकीने दोन अटी घातल्या आहेत: सुरी गळ्यात म्यानात बांधलेली हवी, आणि पहिले दोन दिवस फक्त शांत पाण्यात. दोन्ही मान्य.

आता एकच प्रश्न उरलाय, कोलंबियाकाठ यांना. रांगेत मध्ये जागा दिसली तर नांगर किती वर जाऊन टाकायचा, म्हणजे २५० फूट दोरी सोडल्यावर बोट शेजारच्यांच्या ओळीतच येईल?

प्रतिसाद (कोलंबियाकाठ)

जितकी दोरी सोडणार, जवळजवळ तितकंच वर, आणि मोकळ्या जागेच्या बरोबर समोर. दोरी तिरकी असते म्हणून बोट थोडी कमी अंतरावर थांबते, उरलेलं दोरी सोडून जुळवा. शेजारच्या दोन्ही बोटींचे फुगे पाहा, तुमचा फुगा त्यांच्या ओळीत आला की बोटही ओळीत येते. टाकण्याआधी शेजाऱ्यांना हात करून विचारा, बहुतेक जण खुणेनेच जागा दाखवतात. सप्टेंबरात आलात की कळवा, पहिल्या शांत पाण्याच्या दिवशी माझी बोट तुमच्या शेजारी लावतो.